मुक्या जिवावर शिकण्याचा अधिकार

आजारी जनावर बोलत नाही, आणि आपल्या अंगावर कोणी शिकावे की नाही हे त्याला कोणी विचारत नाही. तरीही जनावराच्या अंगावर हात चालवल्याशिवाय कोणी पशुवैद्य होत नाही. माणसांच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरला नकार देता येतो. गाय, कुत्रा, बोकड यांना ती सोय नाही. संमती मालक देतो, पण दुखते ते मालकाला नाही. म्हणून दवाखान्याची पाळी सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याने काय वाचावे आणि काय जवळ ठेवावे, हा नुसता अभ्यासाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. जे पुस्तकातून, प्रतिकृतीवर किंवा मृत शरीरावर शिकता आले असते आणि शिकायचे राहून गेले, ते शेवटी कुठल्यातरी जिवंत प्राण्याच्या वेदनेतून शिकले जाते. अभ्याससाधनांची निवड हा अहिंसेचाच प्रश्न आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतात. त्यांत मुंबईतले, परळचे महाविद्यालय सर्वांत जुने, १८८६ चे. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या चळवळीतून आणि पारशी दातृत्वातून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आधाराने ते सुरू झाले. आधी प्राण्यांचा दवाखाना आणि मग शिक्षण, असा मुंबईतला क्रम आहे. जनावर तिथे बरे व्हायला आले होते, विद्यार्थी त्याच्या मागोमाग आला. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात.

मुंबईच्या उत्तरेच्या किनाऱ्याला जनावरांच्या उपचाराचा विचार नवा नाही. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या पुढे, चौक हे कोळी वस्तीचे गाव आहे. तिथल्या धारावी किल्ल्यासमोर वसईची खाडी समुद्राला मिळते. खाडीपलीकडच्या मुलखात, नालासोपाऱ्याला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगावला नवव्याचा. गिरनार आणि इतर ठिकाणी पूर्ण मिळालेल्या पाठातला दुसरा लेख माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगतो, आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचेही. भुईगावचा नववा लेख मंगलविधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धर्माचे, असे तो म्हणतो. त्या धर्मात गुरूंचा आदर आणि प्राण्यांच्या बाबतीतला संयम या गोष्टी एकत्र येतात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला नेमके हेच दोन्ही लागते. शिकवणाऱ्याचे ऐकणे आणि हाताखालच्या जिवाशी सबुरीने वागणे, यांत फारकत झाली की दवाखान्यात अपघात होतात.

भाईंदरमध्ये जैन वस्ती मोठी आहे आणि जीवदया तिथे रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते, तिचा कणा प्रमाद हा आहे. बेसावधपणे, गाफीलपणे प्राणाला केलेली इजा म्हणजे हिंसा. वैद्याच्या सुरीने रक्त निघते आणि खाटकाच्या सुरीनेही निघते. फरक हेतूचा तर आहेच, पण तेवढ्यावर वैद्य सुटत नाही. चांगल्या हेतूने, पण तयारी न करता चालवलेली सुरी प्रमादातच मोडते. विद्यार्थ्याला हे झोंबणारे आहे आणि झोंबले पाहिजे. रात्री औषधाची मात्रा न पाहता सकाळी टोचणारा मनाने दयाळू असेल, पण या व्याख्येने तो अहिंसक ठरत नाही.

चौक-उत्तनच्या किनाऱ्यावरची अनेक कोळी कुटुंबे कॅथलिक आहेत. त्यांच्या चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा (कॅटेकिझम) माणसाने प्राण्यांचा उपयोग करण्याला, वाजवी मर्यादेत त्यांच्यावर वैद्यकीय प्रयोग करण्यालाही, मुभा देते. मात्र प्राण्याला विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवते. जैन विचार आणि हा विचार यांत अंतर पुष्कळ आहे, प्राण्याचे स्थान दोन्हीकडे सारखे नाही. पण टाळता येण्यासारखी वेदना टाळलीच पाहिजे, या मुद्द्यावर दोघे एकत्र येतात. देशाचा कायदाही तिथेच येतो. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम १७ प्रयोगांबद्दल सांगते की, महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तर प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, आणि केवळ हात बसावा एवढ्यासाठी शक्यतो ते करूच नयेत. आजारी जनावरावरचा उपचार हा प्रयोग नव्हे, त्यामुळे दवाखान्याला हे कलम जसेच्या तसे लागू होत नाही. पण त्यातला विवेक दवाखान्याच्या दारात संपायचे कारण नाही.

या विवेकाने पाहिले तर पुस्तकांचा क्रम आपोआप लागतो. आधी जिच्यामुळे जीव वाचतो ती माहिती, विद्वत्ता मागाहून. मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल १९५५ पासून निघते आहे आणि आज ते इंटरनेटवर फुकट वाचता येते. रोगाची पहिली ओळख करून घ्यायला एवढे भरवशाचे दुसरे काही इतक्या सहज हाताशी नाही. मोठ्या जनावरांसाठी ब्लड आणि रॅडोस्टिट्स यांच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आहे. तो जाडजूड आहे आणि खांद्यावर घेऊन फिरण्याचा नाही, त्या दिवशी आलेल्या रोगाचे प्रकरण त्याच रात्री वाचायचा आहे. शस्त्रक्रियेची भारतीय परिस्थितीतली तोंडओळख वेणुगोपालन यांच्या पुस्तकाने होते. रोज खिशात किंवा मोबाइलवर हवा तो प्लंब यांचा औषधकोश. त्याचे कारण एका उदाहरणाने कळेल. मांजर मलूल झाले की घरातली तापाची गोळी अर्धी मोडून देणारी माणसे पुष्कळ असतात. त्या गोळीतले पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पाय सुजतात. माणसाचे औषध, कुत्र्याचे औषध आणि मांजराचे औषध एक नव्हे, हे पान उघडून पाहिलेला विद्यार्थी मालकाला वेळेवर थांबवू शकतो.

औषधाचा परिणाम समोरच्या जनावरापाशीच थांबतो असेही नाही. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. म्हातारी, भाकड, लंगडी जनावरे शेवटपर्यंत सांभाळायची, ही त्यामागची श्रद्धा. अशाच दयेने गुरांच्या सांधेदुखीवर भारतभर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचले जाऊ लागले. जनावर मेले की गिधाडे ते खात, आणि मांसातल्या अवशेषाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर गिधाडांच्या काही जाती जवळपास संपल्या होत्या. मुंबईत प्राण्यांचे रुग्णालय उभारणाऱ्या पारशी समाजाच्या दखम्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या जागी, गिधाडे येईनाशी झाली. गाईवरची दया गिधाडावर उलटली, आणि यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. गिधाडांना न मारणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असावे. दयेला माहितीची जोड नसेल तर तिचे काय होते, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

वेदना ओळखणे हा स्वतंत्र अभ्यास आहे आणि बऱ्याच विद्यार्थ्यांकडून तो मागे पडतो. प्राणी दुखणे लपवतो. शिकाऱ्यापासून वाचण्यासाठी ती त्याची जुनी सवय. म्हणून संशोधकांनी मोजपट्ट्या बनवल्या. कुत्र्यासाठी ग्लासगोची पट्टी आहे, मांजरासाठी मॉन्ट्रियलच्या विद्यापीठात तयार झालेली चेहऱ्याची पट्टी. मांजराच्या चेहऱ्यावर पाच गोष्टी पाहायच्या: कान, डोळ्यांची मिटलेली स्थिती, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा त्याहून जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचे. हे तक्ते फुकट मिळतात, भिंतीला चिकटवता येतात, आणि पिंजऱ्यापुढे अर्धे मिनिट शांत उभे राहण्यापलीकडे त्यांना काही लागत नाही. मुक्या जिवाला दुःख होते की नाही, यावर तत्त्वज्ञांनी शतकानुशतके वाद घातला. त्या वादाला दवाखान्यापुरते उत्तर या पाच खुणांत मिळते. जनावर सांगत असते, पाहणारा शिकलेला हवा.

काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल संत एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्या गाढवाला पाणीच हवे होते आणि ते त्याला गिळता येत होते. आता नुकतीच व्यालेली, भरपूर दुधाची संकरित गाय पाहावी. व्याल्यावर एक-दोन दिवसांत ती बसते ती उठत नाही. मान वळवून कुशीवर टेकवते. कान गार, नाकपुडी कोरडी, शेण-लघवी बंद. रोगाचे नाव दुधज्वर, पण ताप नसतो. उलट अंग थंड पडत जाते. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरल्याने स्नायूंतली ताकद गेलेली असते आणि गिळण्याचे स्नायूही त्यात आले. अशा वेळी मालक कळवळ्याने बाटलीने तेल, गुळाचे पाणी, काढा पाजतो. तो द्रव घशातून खाली न उतरता फुप्फुसात जातो. कॅल्शियमच्या सलाइनने तासाभरात उभी राहू शकणारी गाय पुढे न्यूमोनियाने जाते. सलाइनलाही घाई चालत नाही. बाटली कोमट करून शिरेतून सावकाश सोडायची आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप छातीवरून काढायचा नाही, कारण कॅल्शियम भरभर गेले तर हृदयच थांबते.

म्हणून मालकाचे बोलणे हे पुस्तकाइतकेच महत्त्वाचे साधन आहे. काय पाजले, कधी पाजले, हे त्याला न रागावता विचारावे लागते. रागावले की तो लपवतो. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, तिवा, वार अडकणे, अंग बाहेर येणे, दगडी, रवंथ बंद होणे, चाऱ्याला तोंड न लावणे या त्याच्या शब्दांत अर्धे निदान असते. इंग्रजीतून पाठ केलेले रोग या शब्दांशी जुळवून घेण्याचे काम विद्यार्थ्याने पहिल्या पाळीच्या आधीच करायला हवे. ‘अ‍ॅग्रोवन’सारख्या दैनिकातली पशुपालनाची पाने आणि पशुसंवर्धन खात्याच्या मराठी पुस्तिका यासाठी उपयोगी पडतात. त्यांत नवे वैद्यक फार नसते, पण गोठ्यात चालणारी भाषा असते.

हात बसवायचा कसा, हा त्यापुढचा प्रश्न. टाका घालायला आधी फोम किंवा जाड कापड, मग मृत शरीर. गाय गाभण आहे का हे गुदमार्गे हात घालून पाहण्याच्या सरावासाठी परदेशी विद्यापीठांत यंत्राची आणि रबराची गाय वापरतात. आपल्याकडे कत्तलखान्यातून आणलेले गर्भाशय पत्र्याच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवून, न बघता चाचपून ओळखण्याची जुनी रीत आहे. शाकाहारी घरातल्या, विशेषतः जैन विद्यार्थ्याला हे अवघड जाते आणि त्याचा संकोच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते जनावर त्याच्यासाठी मारलेले नसते, हे खरे. पण त्या व्यवहाराचा फायदा आपण घ्यायचा का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचे शरीर मालकाने शिक्षणासाठी द्यावे, ही त्यातून निघणारी स्वच्छ वाट आहे आणि महाविद्यालयांनी ती रुजवायला हवी.

मृत जनावराला हात लावण्याचा प्रश्न महाराष्ट्रात आणखी एका बाजूने पाहावा लागतो. मेलेली गुरे ओढणे, सोलणे ही कामे जातिव्यवस्थेने काही समाजांवर लादली आणि त्यासाठीच त्यांना अस्पृश्य ठरवले. जनावराच्या आतल्या रचनेचे प्रत्यक्ष ज्ञान त्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होते, पण त्याला विद्या म्हणून मान कधी मिळाला नाही. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते या अपमानातून बाहेर पडण्यासाठी. आज सर्व जातींची मुले-मुली शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहतात आणि त्याला शिक्षण म्हणतात. ज्या कामाला विटाळ म्हटले ते ज्ञानाचे काम होते, हे त्या टेबलाशी उभ्या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

इतके सगळे करूनही पहिली सुई कोणाच्या तरी खऱ्या शिरेतच जाते. तिथे तीन गोष्टी पाळल्या तर शिकण्याचा अधिकार टिकतो. ज्याच्यावर हात चालतो त्याला त्या हाताची गरज असावी. शेजारी जाणता माणूस उभा असावा. आणि दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर सिरिंज त्या जाणत्याच्या हाती द्यावी. एकाच गाईला रांगेने दहा जणांनी गुदमार्गे तपासणे हे शिक्षण नव्हे. गुदाशय आकुंचन पावत असताना हात पुढे रेटला तर आतले अस्तर फाटू शकते. हात तिथेच थांबवून लाट ओसरू द्यावी, वंगण भरपूर लावावे, आणि हातमोज्यावर रक्त दिसले की त्या दिवशी ती गाय सोडावी.

भटक्या कुत्र्याच्या बाबतीत हा अधिकार सर्वांत दुबळा होतो, कारण तिथे संमती द्यायला मालकही नाही. नसबंदीच्या मोहिमांत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा सराव होतो. उटीला आणि गोव्यात वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिसची यासाठी प्रशिक्षण केंद्रे आहेत. नसबंदीने रस्त्यावरच्या कुत्र्यांचे एकूण दुःख घटते, रेबीज आटोक्यात आणायलाही तिची मदत होते. पण टेबलावरच्या त्या एका कुत्रीला मिळते ते पोटावरचे टाके. नवशिक्याच्या हातून चीर लांबते, वेळ लांबतो, भूल लांबते. शिकाऊ हाताखालच्या कुत्रीला म्हणूनच वेदनाशामकाची आणि नंतरच्या देखरेखीची गरज अधिक असते, कमी नव्हे. बेवारस आहे म्हणून सवलत घेणे, यासारखा प्रमाद नाही.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिवाचा हिशेबही यातच येतो. गाय तोंडातून लाळ गाळते, गिळत नाही, हंबरते. घशात काही अडकले असेल म्हणून हात घालावा, तर तो रेबीज निघतो. चावा बसण्याआधी घ्यायची लस पहिल्या पाळीच्या आत घेणे आणि अशा तोंडात उघडा हात न घालणे, हे कुठल्याही ग्रंथाच्या आधी.

ज्यावर कोणतेही पुस्तक निर्णय देत नाही तो प्रश्न मरणाचा आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देऊन मरण दिले आणि आपली भूमिका ‘नवजीवन’मध्ये लिहिली. संतापाची पत्रे आली, जैन वाचकांचीही आली. पांजरपोळीची श्रद्धा आणि आश्रमातली ती सुई, दोन्हींचा उगम अहिंसेतच आहे, आणि इंटर्नला एकाच आठवड्यात दोन्ही भेटू शकतात. १९६० च्या कायद्याचे कलम १३ असह्य वेदनेतल्या प्राण्याला मरण देण्याची रीत घालून देते, पण मालकाची श्रद्धा आड येते तेव्हा कायदा दाखवून काम होत नाही. त्या वेळी विद्यार्थ्याने जनावराच्या वेदनेबद्दल खरे बोलावे, वेदनाशामक पुरते द्यावे आणि निर्णय ज्येष्ठ पशुवैद्य व मालक यांच्यावर सोडावा. स्वतःला काय वाटले ते मात्र दडपू नये. ज्येष्ठांशी त्यावर बोलणे हाही अभ्यास आहे.

शेवटचे साधन विद्यार्थी स्वतः तयार करतो, ते म्हणजे नोंदवही. पशुवैद्यक परिषदेला दाखवायची वही सह्यांसाठी असते, ही स्वतःसाठी. बरी झालेली जनावरे तिच्यात आपसूक उतरतात. मेलेल्यांची नोंद टाळण्याकडे कल असतो, आणि शिकायचे बहुतेक तिथेच असते: जनावर कोणत्या दिवशी आले, काय निदान केले, काय किती दिले, मालकाने परवानगी दिली असल्यास शवविच्छेदनात काय निघाले, आणि त्यातले कोणते लक्षण पहिल्याच तपासणीत दिसत होते.